नवी सवय कशी रुजते आणि मोडली तर पुन्हा कशी सुरू करावी?

मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाचे निदान झाले की गोळ्यांबरोबर चार सूचना मिळतात: रोज चाला, मीठ कमी करा, वेळेवर झोपा, गोळी चुकवू नका. पहिले काही दिवस उत्साहात जातात. मग पाहुणे येतात, पाऊस लागतो, घरात लग्न निघते आणि क्रम मोडतो. ‘माझ्याकडून हे होणार नाही, माझं मनच खंबीर नाही,’ असे म्हणून बरेच जण सगळेच सोडून देतात.

एखादा दिवस चालायला न गेल्याने फारसे बिघडत नाही. त्या एका दिवसामुळे पुढचे सहा महिने चालणे बंद होते, तेव्हा मात्र तब्येत बिघडते. म्हणून सवय कशी लागते याबरोबरच ती मोडल्यावर काय करायचे, हेही रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवे.

सवय म्हणजे नेमके काय?

सकाळी उठल्यावर दात घासायचे की नाही, याचा आपण विचार करत नाही. हात आपोआप ब्रशकडे जातो. एकच काम त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पुन्हा केले की मेंदू त्या वेळेची आणि त्या कामाची सांगड घालतो. पुढे ती वेळ किंवा जागा आली की काम आपसूक आठवते. यालाच सवय म्हणतात.

म्हणजेच सवय केवळ मनोनिग्रहावर टिकत नाही. दिवसभराच्या कामाने थकल्यावर मनोनिग्रह कमी पडणे स्वाभाविक आहे. ठरलेली खूण मात्र रोज त्याच वेळी समोर येते. त्यामुळे ‘आजपासून मनावर घेतो’ असे म्हणण्यापेक्षा ‘रात्रीचे जेवण झाले की लगेच चप्पल घालतो’ हे ठरवणे जास्त उपयोगी पडते.

सवय लागायला किती दिवस लागतात?

‘२१ दिवस केले की सवय लागते’ असे सर्रास सांगितले जाते. याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. चालणे किंवा पथ्य यांच्याशी त्याचा संबंध नव्हता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधता आला, त्यांना ती गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असे दिसले. पण माणसामाणसात फरक मोठा होता: कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही, हेही त्यात दिसले.

तेव्हा तीन आठवड्यांनीही चालायला जाणे जिवावर येत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असे नाही. अजून वेळ लागणार आहे, इतकेच.

सुरुवात कशी करावी?

१. एका वेळी एकच सवय घ्या. चालणे, मीठ, झोप आणि तंबाखू सोडणे हे सगळे एकाच सोमवारी सुरू करू नका. कशापासून सुरुवात करावी, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या मात्र पहिल्या दिवसापासून वेळेवर घ्यायच्या आहेत.

२. रोजच्या जुन्या कामाला ती जोडा. ‘दिवसातून कधीतरी’ ठरवलेले काम राहून जाते. ‘सकाळचा चहा झाला की’, ‘देवापुढे दिवा लावला की’, ‘मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवले की’ अशी पक्की खूण ठेवा.

३. लहान ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे साधारण रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. पण पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चाललात तरी चालेल. अर्धा तास तीन भागांत वाटला तरी त्याचा फायदा मिळतो.

४. वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. गोळ्यांसाठी सात खणांची डबी आणा. आजचा खण रिकामा आहे की भरलेला, हे पाहिले की गोळी घेतली का याचा घोळ राहत नाही. डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी. लोणचे, पापड, फरसाण मात्र नजरेआड ठेवा.

५. अडचणीचे उत्तर आधीच ठरवा. ‘पाऊस असेल तर घरातच दहा मिनिटे चालेन.’ ‘लग्नाला गेलो तर एकदाच वाढून घेईन.’ असे ‘जर-तर’ आधी ठरवले की ऐन वेळी विचार करावा लागत नाही.

नेहमीच्या आजारांसाठी काही सोप्या सवयी

- मधुमेह: आंघोळीनंतर पाय पुसताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहा. संवेदना कमी झाली असेल तर जखम दुखत नाही आणि लक्षात येत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतर वाढणारी साखर कमी राहते.
- उच्च रक्तदाब: दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी असावे. यात भाजी, आमटी, भाकरी, चटणी सगळे आले. ताटात वरून मीठ वाढणे बंद करणे ही चांगली सुरुवात आहे. सैंधव हेही मीठच आहे, ते जास्त खाल्ले तर रक्तदाब वाढतो. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.
- थायरॉईड कमी असणे: गोळी उशाजवळ पाण्याच्या तांब्यासोबत ठेवा. उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्या आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करा.
- झोप: रोज झोपण्याची वेळ पाळणे जमत नसेल, तर निदान उठण्याची वेळ एकच ठेवा.

महत्त्वाची सूचना: तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका आणि एकादशी-चतुर्थीचा उपवास डॉक्टरांना विचारूनच करा. घाम येणे, हात थरथरणे, धडधडणे, एकदम भूक लागणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. बाहेर पडताना खिशात साखरेची पुडी ठेवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.

क्रम मोडला तर काय करावे?

‘आता मोडलंच आहे, तर एक तारखेपासून बघू’ हा विचार सगळ्यात जास्त नुकसान करतो. दिवाळीत दोन दिवस फराळ जास्त झाला, तर तिसऱ्या दिवशी नेहमीचे जेवण सुरू करा. भरपाई म्हणून उपाशी राहू नका, दुप्पट चालू नका. चालणे बरेच दिवस बंद असेल, तर पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

स्वतःला दोष देण्याऐवजी एक प्रश्न विचारा: त्या दिवशी नेमके काय आडवे आले? सकाळी नळाला पाणी येण्याची आणि चालण्याची वेळ एकच असेल, तर इच्छाशक्तीला बोल लावून उपयोग नाही. चालण्याची वेळ बदला.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चुकले तर डॉक्टरांना फोन करून विचारा. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच जाणवत नाही आणि काही गोळ्या एकदम थांबवल्या तर तो अचानक वाढू शकतो.

घरच्यांनी काय करावे?

पहारा ठेवू नका, सोबत करा. ‘आई, आज परत गोड खाल्लंस ना?’ असे विचारले की पुढच्या वेळी आई लपून खाते. त्याऐवजी ‘आई, जेवण झालं, चल, खाली एक चक्कर मारून येऊ,’ असे म्हटले तर ती चप्पल घालते. रुग्णासाठी वेगळा, अळणी स्वयंपाक करण्यापेक्षा सगळ्या घराचेच मीठ हळूहळू कमी करा. काही आठवड्यांत जिभेला ती चव सरावते.

घरातली रुग्ण ही स्वयंपाक करणारी बाई असेल, तर तिच्या गोळीची वेळ ‘सगळ्यांची जेवणं झाल्यावर’ अशी ठेवू नका. ती वेळ रोज पुढे सरकते. तिचे जेवण आणि गोळी ठरल्या वेळी व्हावी, यासाठी एक काम दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवे.

फरक कधी दिसतो?

एका दिवसाच्या साखरेवरून किंवा वजनावरून निराश होऊ नका. एचबीए१सी ही तपासणी साधारण गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवते. त्यामुळे आज सुरू केलेल्या सवयीचा पूर्ण परिणाम तिच्यात तीन महिन्यांनी दिसेल. तोपर्यंत ‘आज चाललो’ अशी कॅलेंडरवरची खूण हेच तुमचे प्रगतिपुस्तक.

हा आळस नसेल तर?

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, साधी कामेही जड जातात, अशी लक्षणे असतील तर ते नैराश्य असू शकते. दीर्घकाळच्या आजारात ते बऱ्याचदा आढळते आणि उपचारांनी बरे होते. रक्त कमी असणे किंवा थायरॉईड कमी असणे यानेही असाच थकवा येतो. अशा वेळी उपदेशाची नाही, तपासणीची गरज असते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर रुग्णाला एकटे सोडू नका, लगेच मदत घ्या.

चालताना छातीत दुखले, जास्त दम लागला किंवा चक्कर आली तर थांबा आणि विनाविलंब रुग्णालय गाठा.

थोडक्यात

- एक सवय निवडा, ती रोजच्या कामाला जोडा आणि लहान ठेवा.
- सवय रुजायला दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो.
- एक दिवस चुकला तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू करा, भरपाई करू नका.
- पुढच्या भेटीत डॉक्टरांना खरे सांगा. किती दिवस जमले नाही आणि का, हे कळले तरच औषध आणि सल्ला तुमच्या दिनक्रमात बसवता येतो.