रत्नागिरी हापूस: पेटीचा भाव नेमका ठरतो कुठे?

मार्च महिना आला की 'हापूसची पहिली पेटी दाखल' अशा पोस्ट फिरायला लागतात. खाली कमेंट ठरलेली असते, 'एवढा महाग?' पण त्या भावातले किती पैसे बागायतदाराला मिळतात? आणि पेटीवर 'रत्नागिरी' छापलं म्हणजे आंबा रत्नागिरीचाच असतो का?

हापूस हे नाव आलं कुठून?

पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून 'अल्फान्सो' आणि त्याचंच पुढे 'हापूस' झालं, असं मानलं जातं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधण्याचं तंत्र रुजलं आणि तिथून ते कोकणात पसरलं. कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाची चव वेगळी. कलमाचं फळ मात्र मूळ झाडासारखंच येतं. त्यामुळे एका चवीचा, एका नावाचा माल मोठ्या प्रमाणावर विकता येऊ लागला.

कातळावरची शेती

रत्नागिरीत अनेक बागा जांभ्या कातळावर उभ्या आहेत. कातळ फोडून खड्डा करायचा, त्यात माती भरायची आणि कलम लावायचं. मोहोर आल्यापासून फळ तयार व्हायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. या काळात अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे किंवा जास्तीची उष्णता यांपैकी काहीही हंगाम बिघडवू शकतं. वरून सुंदर दिसणाऱ्या फळात 'साका' निघतो, तोही कापल्यावरच कळतो.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं यावर बरंच काम केलं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली 'रत्ना' ही साका नसलेली जात त्यातलीच. देठासह आंबा उतरवणारा 'नूतन झेला'ही याच विद्यापीठाचा. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत.

बंदरापासून वाशीपर्यंत

पूर्वी आंबा करंड्यांत भरून गलबतांनी आणि बोटींनी मुंबईला जायचा. मग ट्रक आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी आंब्याची मुख्य वाहतूक रस्त्यानंच राहिली. मुंबईचा घाऊक बाजारही क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला हलला.

खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. फवारणी, राखण आणि पेट्यांसाठी बागायतदाराला हंगामाआधी पैसे लागतात. अनेकदा ती उचल वाशीतला दलाल देतो, त्यामुळे माल त्याच्याकडेच पाठवावा लागतो. वाशीत रुमालाखाली बोटं धरून भाव करायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. रत्नागिरीत बसलेल्या बागायतदाराला आपल्या आंब्याचा भाव कळायचा तो नंतर हातात पडणाऱ्या पट्टीवरूनच.

२०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्या आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्यानंतर ग्राहकाला थेट पेटी पाठवणारे बागायतदार वाढले. मात्र मोठ्या प्रमाणावरचा माल खपवायला वाशी अजूनही लागतेच.

जीआय टॅगनं काय बदललं?

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. या जिल्ह्यांबाहेरचा आंबा हे मानांकन लावून विकता येत नाही. टॅग वापरण्यासाठी बागायतदारालाही स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

तरीही दिसायला मिळताजुळता कर्नाटकचा आंबा 'रत्नागिरी' छापलेल्या पेटीत विकला जातो. ग्राहक फसतो आणि त्या स्वस्त मालामुळे खऱ्या हापूसचा भावही पडतो. नुकसान दोघांचंही.

घेताना काय बघाल?

• विक्रेत्याकडे जीआय नोंदणी क्रमांक मागा. काही बागायतदार पेटीवर किंवा फळावर क्यूआर कोडही लावतात.
• कापल्यावर गर केशरी असतो आणि साल पातळ असते.
• नुसत्या रंगावर जाऊ नका, वास घ्या. आढीत नैसर्गिकरीत्या पिकलेल्या हापूसचा घमघमाट लपत नाही. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला भारतात बंदी आहे.
• पेटीवर फक्त गावाचं नाव असेल, तर आंबा कोणत्या बागेतला आहे ते विचारा.