खुंटा हलवून बळकट

लहानपणी आजोळी गोठ्यात नवा खुंटा ठोकला, की आजोबा तो दोन्ही हातांनी धरून चारी बाजूंना हलवून बघायचे. मग आणखी दोन घाव, आणि पुन्हा हलवणं. 'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार शाळेत आला, तेव्हा मला त्याचा अर्थ पाठ करावा लागला नाही. पुढे सिव्हिल शिकताना समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पायांचा इतिहास वाचला आणि आजोबा आठवले. कारण त्यातला बराचसा इतिहास न हलवताच पक्क्या मानलेल्या खुंट्यांचा आहे.

समुद्रातलं पहिलं पवनऊर्जा केंद्र १९९१ साली डेन्मार्कमध्ये, विंडेबीजवळ उभं राहिलं. ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या, आणि पाणी जेमतेम दोन ते चार मीटर खोल. पाया म्हणजे तळावर ठेवलेला काँक्रीटचा जड ठोकळा, आपल्याच वजनानं बसून राहणारा. जास्त खोल पाण्यात हा ठोकळा अवाढव्य होत जातो. मग मोनोपाईल आला : काही मीटर व्यासाची पोलादी नळी, प्रचंड हातोड्यानं समुद्रतळात ठोकलेली. म्हणजे खुंटाच. २००२ साली डेन्मार्कच्याच हॉर्न्स रेव्हला अशा खुंट्यांवर ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

या खुंट्यावर नेमका किती भार येतो, हे ठरवायचं गणित आलं तेलउद्योगाकडून. लाटेचा जोर काढायचं सूत्र मॉरिसन आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी १९५० साली मांडलं होतं : एक भाग पाण्याच्या वेगाचा, दुसरा त्वरणाचा, आणि दोन्हींची बेरीज. पण तेलाचा फलाट आणि पवनचक्की यांच्यात मोठा फरक आहे. फलाट जड असतो, अनेक पायांवर उभा असतो, आणि त्याचा बराचसा भार सरळ खाली जातो. पवनचक्की त्या मानानं हलकी. तिला वारा ढकलतो तो थेट शेंड्याजवळ, पाण्यापासून सत्तर-ऐंशी मीटर उंचीवर. उंच काठीचं टोक ढकललं की तिच्या बुडाशी काय होतं, हे पालखीपुढे निशाण धरलेल्या कुणालाही विचारा.

त्यात तालाचा प्रश्न असतो. समजा, चक्र मिनिटाला १५ फेऱ्या घेतं. म्हणजे एक फेरी चार सेकंदांची, आणि पाती तीन असल्यामुळे दर सव्वा सेकंदाच्या आसपास एक पातं खांबासमोरून जातं. मोठ्या लाटा साधारण दहा सेकंदांनी येतात. खांबाचा स्वतःचा झोका यांपैकी कशाशीही जुळता कामा नये, नाहीतर झोपाळ्याला वेळेवर धक्के दिल्यासारखं होतं. म्हणून तो सहसा फेरी आणि पातं यांच्या मधे, तीनेक सेकंदांवर बसवतात. पण हा झोका खालच्या मातीच्या ताठपणावरही अवलंबून असतो. मातीचा अंदाज चुकला, की ताल चुकतो.

मातीचा अंदाजही उसनाच होता. १९६०च्या दशकात टेक्सासच्या मस्टँग बेटावर वाळूत दोन पाईल ठोकून ते आडवे ढकलून पाहिले गेले. व्यास ६१ सेंटिमीटर, लांबी २१ मीटर. रीस, कॉक्स आणि कूप यांनी त्यावरून १९७४ साली पद्धत मांडली : माती म्हणजे पाईलला टेकलेल्या स्प्रिंगांची रांग. असा बारीक पाईल वेताच्या छडीसारखा वाकतो. चार-पाच मीटर जाडीचा मोनोपाईल मात्र वाकण्याऐवजी जवळजवळ अख्खाच कलतो. तरी अनेक वर्षं गणित त्या छडीचंच वापरलं गेलं.

पहिला दणका बसला तो मातीत नाही, वरच्या सांध्यात. मोनोपाईलवर एक मोठी पोलादी बाही चढवतात आणि मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं घट्ट मिश्रण, भरतात. २००९च्या सुमारास लक्षात आलं, की नेदरलँड्सच्या एगमाँड आन झे इथे आणि उत्तर समुद्रात इतरत्रही बाह्या हळूहळू खाली सरकताहेत. उभारणीपुरते लावलेले आधार पाईलच्या माथ्यावर टेकून वजन पेलत होते. सांध्याचे नियम बारीक पाईलवरच्या चाचण्यांवर बेतलेले होते. मोठ्या व्यासाच्या गुळगुळीत नळीत वाऱ्याच्या अखंड कलवण्यानं ग्राउट पोलादापासून सुटत आणि झिजत गेलं. चक्क्या पडल्या नाहीत, पण भर समुद्रात दुरुस्त्या कराव्या लागल्या : अनेक ठिकाणी रबरी बेअरिंगं बसवली गेली. नियम बदलले आणि सांधे शंकूच्या आकाराचे होऊ लागले.

मातीची गोष्ट मात्र उलटी निघाली. ऑक्सफर्डमध्ये लेब्लांक, हूल्सबी आणि बर्न यांनी वाळूतल्या छोट्या पाईलला हजारो वेळा ढकललं. २०१० साली त्यांनी लिहिलं : पाईल हळूहळू कलत जातो खरा, पण वाळू सैल न पडता अधिक ताठ होते. प्रचलित नियम नेमकं उलटं धरत होते. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. पुढे पिसा या प्रकल्पात इंग्लंडच्या काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्सच्या डंकर्कच्या वाळूत दोन मीटर व्यासापर्यंतचे पाईल ढकलून पाहिले गेले. जुनी पद्धत जाड, आखूड पाईलची ताकद कमी धरत होती. म्हणजे तिथे गरजेपेक्षा जास्त पोलाद जात होतं.

एकाच शेजाऱ्याकडून आणलेली दोन गणितं. एक धोक्याच्या बाजूला चुकलं, दुसरं खर्चाच्या. कागदावर दोन्ही सारखीच ठाम दिसत होती. कुठलं कुठल्या बाजूला चुकलंय, हे खुंटा हलवल्याशिवाय कुणालाच कळलं नाही.

आता आपल्याकडे, खंबातच्या आखातात, समुद्री पवनचक्क्यांचा विचार चालू आहे. वारा मोजायला २०१७ साली तिथे लायडार यंत्र बसवलं गेलं. भरती-ओहोटी तिथली फार मोठी आणि माती तिथली स्वतःची. युरोपातून आलेले नियम आता मस्टँग बेटाच्या नियमांहून कितीतरी शहाणे आहेत, पण आपल्यासाठी तेही उसनेच. तिथे पहिला खुंटा ठोकला जाईल तेव्हा तो दोन्ही हातांनी धरून हलवून बघणारं कुणीतरी तिथे असावं, एवढंच माझं मागणं आहे.