रक्तावरून वय सांगणाऱ्या घड्याळाची कुळकथा

जन्मतारखेवरून मोजलेले वय आणि शरीराची प्रत्यक्ष झालेली झीज यांत अंतर असते, आणि ते अंतर रक्ताच्या नमुन्यावरून आकड्यांत मांडता येते, या विचाराचा उगम औषधांच्या चाचणीतील एका व्यावहारिक अडचणीत आहे. वार्धक्य मंदावणारे एखादे औषध माणसावर लागू पडते की नाही हे ठरवायचे, तर ते घेणारे आणि न घेणारे किती वर्षे जगतात हे पाहत बसावे लागते, आणि तेवढ्या अवधीत खुद्द संशोधकाचेही आयुष्य सरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील वार्धक्यशास्त्रज्ञ अॅलेक्स कम्फर्ट यांनी (पुढे कामजीवनावरील एका पुस्तकाने ज्यांचे शास्त्रीय काम लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसून टाकले) 1969 साली ‘लॅन्सेट’मध्ये यावर उपाय सुचवला, तो असा की केसांचे पिकणे, कातडीचा लवचिकपणा, मुठीची ताकद, श्रवणशक्ती आणि यांच्या जोडीला रक्तद्रवातील काही घटक अशा अनेक मोजमापांचा संच काही वर्षांच्या अंतराने तपासावा आणि म्हातारपणाचा वेग त्यावरून काढावा. त्या संचात रक्त हा अनेक साक्षीदारांपैकी केवळ एक होता. पुढच्या अर्धशतकात ते मुख्य साक्षीदार झाले.

पहिला दावा टेलोमेअरचा होता. टेलोमेअर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाशी असलेला, पेशीच्या विभाजनागणिक थोडा थोडा आखूड होत जाणारा डीएनएचा तुकडा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवले होते, आणि त्या मर्यादेचे एक कारण टेलोमेअरच्या रूपाने पुढे सापडले. 2003 साली युटा येथील रिचर्ड कॉथन आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या 143 व्यक्तींच्या रक्तपेशी तपासून, ज्यांचे टेलोमेअर आखूड त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक, असे नोंदवले. तथापि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या टेलोमेअरच्या लांबीत एवढी तफावत आढळते, की एकट्यादुकट्याचे वय त्यावरून सांगणे फारसे विश्वासार्ह ठरत नाही.

टिकाऊ धागा भलत्याच ठिकाणाहून आला. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन या अक्षरावर कार्बन आणि हायड्रोजनचा एक लहानसा गट, म्हणजे मेथिल गट, चिकटलेला असू शकतो. त्याने मूळ मजकूर बदलत नाही, पण जनुक वाचले जावे की मिटलेले राहावे यावर परिणाम होतो. या प्रक्रियेला मेथिलीकरण म्हणतात. वयाबरोबर ते घटते हे प्रथम माणसात दिसले नव्हते. सोव्हिएत संशोधकांनी 1967 मध्ये सामन जातीच्या माशावरील अभ्यासात ते नोंदवले होते, आणि अंडी घालून झाल्यावर थोड्याच काळात जराजर्जर होऊन मरणारा हा मासा अशा अभ्यासाला सोयीचाच होता. 1983 मध्ये विल्सन आणि जोन्स यांनी उंदीर आणि माणूस यांच्या पेशींतही ही घट दाखवली. यानंतर बराच काळ विषय जागीच राहिला, कारण मेथिल गट डीएनएवर नेमके कुठे आहेत हे वाचण्याचे साधन नव्हते. 1990 च्या दशकात बायसल्फाइट या रसायनाची युक्ती हाती आली (मेथिल गट नसलेले सायटोसीन त्याने बदलते, असलेले तसेच राहते), आणि 2011 च्या सुमारास साडेचार लाख जागा एका वेळी वाचणाऱ्या चिप बाजारात आल्या, तेव्हा कोंडी फुटली.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात समरूप जुळ्या पुरुषांच्या लाळेचे नमुने लैंगिक कल आणि मेथिलीकरण यांचा संबंध शोधण्यासाठी तपासले जात होते. तो संबंध सापडला नाही. मात्र वयाचा ठसा इतका ठळक निघाला की त्यावर 2011 मध्ये स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. त्या चमूतील संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह होर्वाथ यांनी मग इतरांनी प्रसिद्ध केलेली माहिती गोळा करून 51 प्रकारच्या ऊती आणि पेशींतील सुमारे 8,000 नमुने संगणकापुढे ठेवले आणि 353 जागांवरून वय काढणारे सूत्र 2013 मध्ये मांडले. त्याच वर्षी सॅन दिएगो येथील ग्रेगरी हॅनम आणि सहकाऱ्यांनी केवळ रक्तावर आधारलेले सूत्र प्रसिद्ध केले: 19 ते 101 वर्षे वयाच्या 656 व्यक्ती, 71 जागा आणि चूक सरासरी चार वर्षांच्या आत. लाल पेशींना केंद्रक नसल्यामुळे हा सारा डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो, आणि पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या प्रकारांचे आपसांतील प्रमाण वयाबरोबर बदलत असते; त्यामुळे रक्तातून वाचलेल्या वयाचा काही भाग पेशींच्या म्हातारपणाचा नसून त्यांच्या मिश्रणाचा असतो, ही गोष्ट प्रशस्तिपर लेखनात सहसा गाळली जाते. न्यायवैद्यकाला या भेदाशी कर्तव्य नव्हते. रक्ताच्या डागावरून अनोळखी व्यक्तीचे वय अंदाजण्यासाठी मोजक्या जागांच्या चाचण्या युरोपात लगेच तयार झाल्या आणि त्या कामाला त्या पुरेशा आहेत.

वैद्यकाची अडचण मात्र येथेच सुरू झाली. ही सूत्रे जन्मतारीख ओळखायला शिकवलेली होती, पण जन्मतारीख रुग्ण स्वतःच सांगतो. उपयोगी होती ती सूत्राची ‘चूक’. पन्नाशीच्या माणसाचे रक्त पंचावन्न सांगत असेल तर त्या पाच वर्षांत काही अर्थ असावा, अशी अपेक्षा होती, आणि 2015 मध्ये वृद्धांच्या अनेक गटांच्या एकत्रित अभ्यासात असे पुढे धावणारे रक्त खरोखरच अधिक मृत्युदराशी निगडित आढळले. परंतु 2019 मध्ये तेरा हजारांहून अधिक नमुन्यांवर सूत्र घासूनपुसून अधिकाधिक अचूक केल्यावर असे दिसले, की अचूकता वाढत गेली तसतसा मृत्यूशी असलेला हा संबंध विरत गेला. निर्दोष घड्याळ जन्मदाखल्यापलीकडे काहीच सांगत नाही, हे या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोधक अपयश म्हणावे लागेल.

म्हणून मापदंडच बदलण्यात आला. मॉर्गन लेव्हिन यांनी 2018 मध्ये अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, दाहाचे निदर्शक असलेले सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, पांढऱ्या पेशींची संख्या अशा नऊ रक्तघटकांना वयाची जोड देऊन मृत्यूच्या शक्यतेवरून एक ‘वय’ बांधले आणि मेथिलीकरणाच्या 513 जागांना ते ओळखायला शिकवले. त्या नऊपैकी बहुतेक तपासण्या कोणत्याही गावातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत होतात, हे नव्या तंत्राच्या झगमगाटात विसरले जाऊ नये. 2019 मध्येच आलेल्या आणखी एका सूत्राला पाश्चात्त्य यमदूतावरून ‘ग्रिमएज’ असे नाव मिळाले. रक्तद्रवातील काही प्रथिनांचे आणि आयुष्यभरात ओढलेल्या सिगारेटींचे प्रमाण ते डीएनएवरून अंदाजते. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या अभ्यासातून तिसरी वाट निघाली. सव्विसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या 19 मोजमापांत किती घसरण झाली यावरून 2022 मध्ये तयार झालेले ‘डनेडिनपेस’ हे साधन वय सांगतच नाही, तर एका वर्षात शरीर किती वर्षे म्हातारे होत आहे तो वेग सांगते. कम्फर्ट यांना 1969 मध्ये हवे होते ते जवळपास हेच.

त्यांचा मूळ प्रश्न, म्हणजे उपायाने फरक पडतो का, 2023 मध्ये अमेरिकेतील एका आधीच्या प्रयोगातील रक्तनमुन्यांवर विचारला गेला, ज्यात निरोगी प्रौढांनी दोन वर्षे नेहमीपेक्षा कमी उष्मांकांचा आहार घेतला होता. डनेडिनच्या मापाने त्यांच्या वार्धक्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी घटला. लेव्हिन यांच्या सूत्राने आणि ‘ग्रिमएज’ने त्याच रक्तात लक्षणीय फरक दाखवला नाही. त्याआधीच 2022 मध्ये, एकाच नमुन्याची दोनदा तपासणी केली असता काही घड्याळांच्या उत्तरांत नऊ वर्षांपर्यंत तफावत पडते, असे निदर्शनास आले होते, आणि ती कमी करण्याच्या गणिती पद्धतीही त्याच निबंधात सुचवलेल्या होत्या. घरपोच नळीत रक्त मागवून ग्राहकाला त्याचे ‘खरे वय’ कळवणाऱ्या व्यवसायाने या दोन्ही निष्कर्षांची वाट पाहिलेली नव्हती.