निस्ताराचे दप्तर

मध्यप्रांतातील जमीन महसुलाच्या जुन्या दप्तरांत वाजिब-उल-अर्ज नावाचा एक कागद असे. बंदोबस्ताचा अंमलदार गावोगाव मुक्काम करी, मालगुजार व रयत यांच्या जबान्या घेई, आणि जळाऊ लाकूड कोणत्या रानातून आणावे, नांगराला व घराच्या आढ्याला लाकूड कोठून तोडावे, छपराचे गवत, कुंपणाचे काटे, गुरांची चराई व तळ्याचे पाणी यांवर कोणाचा किती अधिकार चालत आला आहे, हा सारा रिवाज त्या कागदात उतरवून घेई. यालाच त्या मुलखात निस्तार म्हणत. 1869 च्या सुमारास लूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त पुरा केला, त्या काळी आजच्या गडचिरोलीचा बहुतेक अरण्यप्रदेश त्याच जिल्ह्यात मोडत होता. अरण्याच्या व्यवस्थेची काही रीत गावापाशी पूर्वीपासूनच आहे, याची परकीय राजसत्तेने स्वतःच्या हस्ताक्षरात दिलेली ही कबुलीच होती, असे मी मानतो.

परंतु एका हाताने दिलेली कबुली दुसऱ्या हाताने काढून घेण्यास त्या सत्तेला विलंब लागला नाही. 1878 च्या कायद्याने अरण्याचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. गावाच्या नावाने अरण्य राखण्याची तरतूदही त्या कायद्यात होती, परंतु ती बहुतांशी कागदावरच राहिली. अल्लापल्लीच्या सागवानाकडे ज्यांची दृष्टी लागली होती, त्यांना मोहाचे झाड म्हणजे केवळ अडगळ वाटावी यात नवल नाही. गोंड व माडिया कुटुंबांची दृष्टी याच्या अगदी उलट होती. नव्या फळाचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याविना ते फळ तोंडी लावावयाचे नाही, हा त्यांचा नेम. आणि त्या नेमामुळे फळ पिकून त्याचे बी भूमीवर पडण्यास आपोआप अवधी मिळे. ज्या समाजाने आपले अरण्यशास्त्र सणांच्या रूपाने सांभाळले, त्याला अरण्यातला अतिक्रमक ठरविण्यात आले, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायाची वाटते.

स्वराज्य आले, 1950 च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपली, आणि रयतेच्या मानेवरचे एक जोखड उतरले हे खरे. परंतु मालगुजाराच्या हातचे रान गावाच्या हाती न येता सरकारजमा झाले. पुढे बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीला बांबूचे पट्टे मिळाले. छपरासाठी चार बांबू हवे असलेल्या माणसाने परवानगीसाठी हेलपाटे घालावेत आणि त्याच्याच शिवारातून बांबूने भरलेले ट्रक बल्लारपूरच्या रस्त्याला लागलेले त्याने पाहावेत, अशी ती स्थिती होती.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने 1980 नंतरच्या दशकात या स्थितीला जे उत्तर दिले, ते शांतपणे बसून विचार करण्याचे होते. बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घ्यावयाचा, आणि निर्णयापूर्वी त्या विषयाचा अभ्यासगटात ऊहापोह करावयाचा, ही पद्धती देवाजी तोफा, त्यांचे गावकरी आणि बाहेरून येऊन त्यांच्याशी समरस झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी चिकाटीने रुजविली. एका माणसाची हरकत असली तरी निर्णय थांबे, पुन्हा बैठक बसे. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला, आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर अरण्यावरील सामूहिक हक्क या गावाला लाभला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते राजी होईना. कारण 1927 च्या कायद्याप्रमाणे बांबू हा वृक्ष होता, आणि नव्या कायद्याप्रमाणे तो गौण वनोपज होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. हे पुस्तक हाती येणे म्हणजे दप्तर गावात येणे होय, आणि माझ्या मते हक्काच्या मूळ कागदाइतकेच त्याचे मोल आहे.

आता प्रश्न एका गावाचा उरलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळण्याच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस येतो आणि वेचलेले फूल वाळण्याआधीच कुजून जाते. गारपीट झाली की तेंदूचे कोवळे पान फाटते व ठेकेदार ते नाकारतो. उन्हाळा लांबला की एका रानातला वणवा शेजारच्या रानात शिरतो, आणि तो हद्दीचा दगड पाहून थांबत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपान तोडणेच बंद केले. पानासाठी आग लावावी लागते, झाडाची छाटणी होते आणि माणसांना व पाखरांना खावयास फळ उरत नाही, हे तिचे कारण. त्या पानावर रोख पैसा मिळत होता हे ध्यानात घेतले, म्हणजे या निर्णयामागील निग्रह कळतो.

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात सुमारे 90 ग्रामसभा महाग्रामसभा म्हणून एकत्र आल्या. वनोपजाची विक्री, झेंडेपारच्या डोंगरातील लोहखनिजाच्या खाणीस विरोध, अरण्यरक्षणाचे नियम, हे विषय तेथे एकत्र बसून ठरू लागले, आणि त्या बैठकांत स्त्रियाही आग्रहाने बोलू लागल्या. दुसरीकडे वनखात्याची कार्य आयोजना दहा-दहा वर्षांची असते. तीत कूपांचे, म्हणजे तोडीसाठी पाडलेल्या तुकड्यांचे, क्रमांक, तोडीची वर्षे व झाडांचे घेर असतात. ग्रामसभेच्या आराखड्यात कोणत्या नाल्याकाठी मोह दाट आहे, कोठले बांबूचे बेट फुलून वाळावयास आले आहे, कोणत्या टेकडीवर देव आहे, हे असते. वनहक्क कायद्याच्या नियमांनी ग्रामसभेचा आराखडा कार्य आयोजनेशी जोडावा असे म्हटले आहे. परंतु जोडणी याचा अर्थ गावाचा कागद परिशिष्टात घालणे असा झाला, तर वाजिब-उल-अर्जाचीच पुनरावृत्ती होईल. पावसाचे मान दरवर्षी पालटत असता दहा वर्षांचा आकडा आधी बांधून ठेवण्यापेक्षा, गावांनी प्रतिवर्षी बैठकीत आपला नियम तपासून पाहावा व खात्याने आपली आयोजना त्याप्रमाणे दुरुस्त करावी, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. त्यांतील पुष्कळांचे आराखडे अद्याप व्हावयाचे आहेत, आणि ते लिहिताना लेखणी कोणाच्या हाती असावी, याचा निर्णय आताच होत आहे.