स्क्रेपीच्या रोगकारकाचा शोध

मेंढ्यांस होणाऱ्या स्क्रेपी ह्या रोगाची ब्रिटनमधील नोंद इ. स. १७३२ पासून आढळते. रोगी मेंढी कुंपणाला अंग घाशीत राहते, पुढे तिचा तोल जातो व अखेर ती मरते; तिच्या मेंदूत स्पंजासारखी छिद्रे पडलेली दिसतात. ह्या रोगाचे कारण उमगण्यास सुमारे अडीच शतके लागली. पुरावा लवकर हाती आला होता. परंतु रूढ कल्पनांत त्यास जागा नव्हती.

रोग आनुवंशिक की सांसर्गिक, हा जुना वाद होता. १९३६ मध्ये कुइये व शेल ह्या फ्रेंच पशुवैद्यांनी रोगी मेंढीचे मज्जाऊतक निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यांत टोचले. १४ व २२ महिन्यांनी त्यांस रोग जडला. संसर्ग सिद्ध झाला. एवढा परिपाककाल ध्यानी न घेतल्यास असा प्रयोग निष्फळच भासावा.

ब्रिटनमध्ये ह्याचे प्रत्यंतर अनपेक्षितपणे आले. 'लूपिंग इल' ह्या दुसऱ्या रोगावरील लस मेंढ्यांच्याच मेंदूपासून करीत व तीतील विषाणू फॉर्मॅलिनने मारीत. १९३५ मधील एका खेपेची लस सुमारे १८,००० मेंढ्यांस टोचली गेली आणि दोनेक वर्षांनी त्या कळपांत स्क्रेपी उद्भवला. गॉर्डन ह्यांनी १९४६ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या द्रव्याने विषाणू मरतो, त्यास हा रोगकारक दाद देत नव्हता.

तरीही 'चिवट विषाणू' हीच कल्पना प्रचलित राहिली. १९६१ मध्ये चँडलर ह्यांनी रोग उंदरांत संक्रमित केल्याने प्रयोग सुकर झाले. न्यूक्लिइक अम्लाचा नाश करणाऱ्या जंबुपार किरणांनीही रोगकारक निष्प्रभ होत नाही, असे टिक्वा अल्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले. केवळ प्रथिनाची वृद्धी कशी संभवेल, ह्याची उपपत्ती ग्रिफिथ ह्यांनी त्याच वर्षी मांडली. १९८२ मध्ये प्रूसिनर ह्यांनी अशा प्रथिनमय रोगकारकास 'प्रायॉन' हे नाव दिले.

१९८५ मध्ये ह्या प्रथिनाचे जनुक निरोगी प्राण्यांतही सापडले. रोगकारक म्हणजे प्राण्याच्याच प्रथिनाचे विकृत घडी पडलेले रूप असून ते निकोप प्रथिनास आपल्यासारखे करते, असा ह्याचा अर्थ लागला. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांस स्क्रेपी होत नाही, हे १९९३ मध्ये दिसून आले. मेंढीची रोगप्रवणताही ह्याच जनुकाच्या प्रकारांवर अवलंबून असते. म्हणजे जुन्या वादातील दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते.

ह्या चिवटपणाची उपेक्षा महाग पडली. १९८६ मध्ये ब्रिटनमधील गुरांत ओळखला गेलेला तत्सम रोग मांस-अस्थिचूर्णाच्या पशुखाद्यातून पसरला, आणि १९९६ मध्ये त्याचा मानवाशी संबंध जाहीर झाला. अपवाद म्हणून बाजूस ठेवलेली निरीक्षणेच येथे मूळ प्रश्नाचे उत्तर होती.