बस्तीचे कमळ आणि पडद्यावरचे कासव

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या नावाने प्रसिद्ध असलेले एक जैन मंदिर आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ते १२०४ साली बांधविले. मंडपाच्या छतावर कोरलेले दगडी कमळ हे त्या मंदिराचे भूषण होय. त्याच्या पाकळ्या ७२ असून भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकरांशी त्या संख्येचा संबंध सांगितला जातो. वर्तुळाचे ७२ भाग करावयाचे म्हणजे दर ५ अंशांवर एक पाकळी यावयास हवी.

एक आकृती घ्यावयाची, ती ठराविक अंशांनी फिरवावयाची आणि फेरा पुरा होईपर्यंत तीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची, हे या कमळाचे सूत्र. आज संगणकावर चित्र काढावयास शिकणाऱ्या मुलांना दिला जाणारा पहिला धडाही नेमका हाच आहे. या दोहोंमध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे खरे. परंतु मधली वाट ओसाड नाही. ती घरोघरच्या अंगणांतून गेलेली आहे.

वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये तांदूळ व फुले यांच्या रचनेची गणना केली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धूलिचित्राचा उल्लेख येतो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव या टापूत मराठी घरी जिला रांगोळी म्हणतात, तिलाच शेजारच्या कन्नड घरी रंगोली म्हणतात. ‘तेरा ते सात’ एवढे शब्द उच्चारले की जाणत्या स्त्रीला सारा आराखडा समजतो. मधल्या ओळीत तेरा ठिपके, वर व खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, आणि सातावर थांबावयाचे. या नियमातून आपोआप षट्कोन तयार होतो. बेळगाव-धारवाडकडील कशिद्याचीही हीच तऱ्हा. छापील नक्षी न घेता कापडाचे धागे मोजीत सुई चालते. गवंती टाक्याचा दोरा गेल्या वाटेने परत येऊन मोकळ्या जागा भरतो, आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उमटते.

ही विद्या जाणणाऱ्या कित्येक स्त्रियांची शिरगणतीत निरक्षर म्हणून नोंद झाली. त्यांच्या नियमांत गणित आहे, हे विद्वानांच्या ध्यानी यावयास बराच काळ लागला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी संबंधित गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी व कमला कृतिवासन या अभ्यासकांनी १९७४ साली तमिळ कोलमच्या आकृतींवर एक निबंध प्रसिद्ध केला. भाषेला जसे व्याकरण असते तसे या आकृतींनाही असते, आणि ते संगणकाला समजेल अशा नियमांत मांडता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

तिकडे अमेरिकेत १९६७ साली वॉली फॉयरझीग, सेमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा निर्माण केली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील गणितज्ञ. जिनिव्हा येथे पियाजे यांच्या सहवासात त्यांनी बालमनाचा अभ्यास केला होता. लोगोमध्ये पुढे एक कासव आले. प्रथम ते जमिनीवर लेखणी घेऊन चालणारे यंत्र होते. मागाहून ते पडद्यावर अवतरले. ‘१०० पावले पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ’ ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस तयार होतो. असा प्रत्येक चौरस पुरा झाल्यावर १० अंश वळत ३६ चौरस काढले की त्यांचे फूल उमलते. मूल गोंधळले तर त्याने स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहावे, असा पॅपर्ट यांचा आग्रह असे. चैत्रांगणात कासव रेखाटणाऱ्या घरातील मुलांना हा प्राणी परका वाटण्याचे कारण नाही.

हेच कासव आज ‘पायथन’ या भाषेतही आहे. त्याला बस्तीचे कमळ काढावयास सांगणे अवघड नाही. एक पाकळी काढ, ५ अंश वळ, आणि हे ७२ वेळा कर. रंगांसाठी पाकळीच्या क्रमांकाला तिनाने भागावे. बाकी शून्य, एक वा दोन उरेल, त्याप्रमाणे तीन रंगांपैकी एक द्यावा. प्रत्येक रंगाच्या वाट्यास बरोबर २४ पाकळ्या येतात. तीन काळांची तीच जुनी विभागणी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागातील मुलांपुढे शाळेच्या भाषेचा प्रश्न सतत उभा राहिला आहे. पायथनच्या मूळ आज्ञा इंग्रजीत आहेत. तथापि २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्वतः रचलेल्या आज्ञांना देवनागरी वा कन्नड लिपीत नाव देता येते. एक मूल त्या आज्ञेला ‘पाकळी’ म्हणेल, दुसरे ‘एसळु’ म्हणेल. कमळ एकच उमटेल.

मात्र तयार छाप आणि चिकटचित्रे आल्यापासून ठिपक्यांच्या वह्या घराघरांतून नाहीशा होऊ लागल्या आहेत. आजीला ठिपक्यांचा नियम विचारून तो आधी वहीत आणि मग संगणकावर उतरविणे, हा शाळांना सहज घेता येण्याजोगा उपक्रम आहे. त्यात मुलाला भूमिती लाभेल, आणि आजीच्या विद्येची आजवर राहून गेलेली नोंदही होईल.