हॉल बांधणं सोपं, चालवणं अवघड : मराठी ज्यूंकडून शिकण्यासारखं



आपल्या पांढुर्णा-सौसर भागात गेल्या काही वर्षांत बऱ्याच समाजांची भवनं उभी राहिली. वर्गणी जमली, कोनशिला बसली, उद्घाटनाला जेवणावळही झाली. पुढे काय? लग्नाचे मुहूर्त सोडले तर वर्षभर कुलूप. मी कॉमर्सचा माणूस आणि जन्म गेला बँकेत, त्यामुळे वापरात नसलेली मालमत्ता पाहिली की बेचैन होतो. म्हणून आज एका छोट्या मराठी समाजाचा इतिहास सांगतो. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू.

त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. पुढच्या पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवू लागल्या. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावं पडली : दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर. प्रार्थना हिब्रूत, पण घरात बोलणं मराठीच.

मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनागृह 1796 साली सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं. ही मंडळी त्याला सरळ ‘मशीद’ म्हणत. पुण्यातलं 1867 चं सिनेगॉग तर आजही ‘लाल देऊळ’ म्हणूनच ओळखलं जातं.

पण ते इमारत बांधून थांबले नाहीत. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. 1880 च्या सुमारास बेने इस्रायलींनी आपल्या कीर्तनाची पद्धत उचलली. आख्यान अब्राहामाचं किंवा मोशेचं, पण चाली आणि भाषा मराठी. ज्यांना हिब्रू कळत नव्हतं त्या बायामाणसांपर्यंत धर्मकथा अशा पोचल्या. 1913 मध्ये बायकांनी स्वतःचं स्त्री मंडळ काढलं. एकेकाळी सगळा समाज वीस हजारांच्या आसपास, पण कामाची यादी बघा!

आता दिल्लीचं उदाहरण. 1956 हे साल आपण विसरणार नाही. 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण छिंदवाडा जिल्ह्यासकट मध्यप्रदेशात राहिलो. त्याच वर्षी दिल्लीत हुमायून रोडवर ज्यूंचं प्रार्थनागृह झालं. नाव ‘ज्यूडा हायम हॉल’. समाज म्हणाल तर मोजकीच कुटुंबं. शेकडा हिशेब लावला तर हा हॉल कधीच बंद पडायला हवा होता.

तो चालला, कारण माणूस मिळाला. इझिकेल आयझॅक मालेकर हे बेने इस्रायली वकील. त्यांनी अनेक दशकं ही जागा मानधन न घेता सांभाळली. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. इथे दहा पुरुष जमणं कठीण, तेव्हा त्यांनी बायकांनाही मोजायला सुरुवात केली. दर शुक्रवारी संध्याकाळी दार उघडं, मग परदेशी पाहुणा येवो की दिल्लीतला विद्यार्थी. सोबत ग्रंथालय आहे. इतर धर्मांच्या लोकांशी बैठका होतात, आणि सर्वधर्म प्रार्थनेत ज्यूंची बाजू मालेकर मांडतात.

म्हणजे हॉल चालला तो तीन गोष्टींवर : ठरलेला दिवस, जबाबदारी घेणारा एक माणूस, आणि गरज पडली तर नियम सैल करायची तयारी. यात पैसा कुठेच पहिला नाही.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. इतक्या लांब जाऊन मराठी टिकवणारे ते, आणि नागपूर इतकं जवळ असूनही आपली नातवंडं मराठी वाचताना अडखळतात! शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, मग त्यांना मराठी अक्षरं वाचायला बसवणार कोण?

म्हणून माझं म्हणणं असं. ज्या भवनाची चावी ज्यांच्याकडे आहे त्यांनी आठवड्यातला एक वार ठरवावा. निवृत्त गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना तासभर मराठी वाचून घ्यावं. आजी-आजोबांनी जुने फोटो, सातबारे, पत्रं आणावीत, तरुणांनी ती मोबाईलवर टिपून ठेवावीत. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात. ते काम भवनात बसून करून द्यायला मी तयार आहे. बँकेचे फॉर्म, वारस नोंद, मुदत ठेवीचे कागद, हेही बघेन.

वीज आणि झाडलोटीचा खर्च लग्नाच्या भाड्यातून सहज निघतो, हिशेब मी लिहून देतो. आणखी चार जण हवेत. प्रत्येकाने महिन्यातला एक शनिवार दिला तर दार दर आठवड्याला उघडं राहील. ज्यांना जमेल त्यांनी खाली आपलं नाव आणि कोणता शनिवार, एवढंच लिहा.